मंगळवारची पोटदुखी

आचलचे बाबा,

तुम्ही शेतावरून येईपर्यंत थांबली असती, पण मोहर्लीची शेवटची बस सहाची हाय. आचल शेजारी कमळाबाईच्या घरी खेळून राह्यली. भाजी केली हाय, भात तेवढा तुम्ही मांडा.

पोरीचं पोट दुखत नाई. तुम्ही धान चुरायले गेले आणि तिनं दोन वाट्या वरणभात खाल्ला, वरून सुकट मागून घेतली. तिले औषध देऊ नका.

चार मंगळवार झाले, तुमचा फोन येते आणि मी धावत येते. फारकतीच्या वेळी कोर्टानं मले रविवार देला, पण रविवारी जंगल पाहणाऱ्यांची गर्दी असते, माझ्यासारख्या गाइडले सुट्टी भेटत नाई. जंगल बंद राहते मंगळवारी, तेव्हा हिची शाळा. म्हणून पोरीनं मंगळवारीच पोट दुखवाले सुरुवात केली. तिले रागावू नका. मी समजावलं, शाळा बुडवू नको, दर मंगळवारी शाळा सुटली का मी फाटकापाशी उभी दिसन.

पण एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली. आज सकाळी ती शाळेत जायले चुपचाप दप्तर भरून, वेणी घालून बसली होती. तुम्हीच म्हणे दोनदा विचारलं, "आज पोट नाई दुखून राह्यलं का वं?"

औषधाची शिशी फळीवर ठेवली हाय. ज्याचं खरंच दुखत असन, त्यानं घ्यावं.

रंजीता