कासवं वाट बघतील

२ मार्च, संध्याकाळ

ठरलं. करिअर ब्रेक घेणार. सहा आठवडे. परदेशात, समुद्रकिनारी, कासवांच्या सेवेला.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझाच गैरसमज व्हायला नको. ऑफिसातली ती ‘चटपट’ सेक्शन हेड झाली याचा यात काडीचाही संबंध नाही. लिफ्ट कंपनीच्या तक्रार टेबलावर मी अठरा वर्षं बसलोय. ही बाई परवा परवा आली. तक्रार कशी लिहून घ्यायची हे तिला मी शिकवलं, चटपट हे नावही मीच पाडलं, आणि काल मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिला माझ्या डोक्यावर आणून बसवलं. ठीक आहे. टाळ्या वाजवल्या मी. सगळ्यात जोरात वाजवल्या.

आता सहा आठवडे मी नसलो की कळेल. तक्रारींचा ढीग, फोन खणखणतोय, साहेब डोक्याला हात लावून विचारतायत की अहो, ते कुठल्या बेटावर आहेत, लावा फोन! पण तो हेतू नाही. हेतू कासवं.

४ मार्च

संकल्प. पहाटे उठणे. पोहायला शिकणे. दाढी वाढवणे (ज्या मासिकात कासवांचं वाचलं, त्यातल्या स्वयंसेवकाला होती. माझ्याच वयाचा, हातात बादली, बादलीत पिल्लं, चेहऱ्यावर कमालीची शांतता). आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्कं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

५ मार्च

साडेआठला उठलो. दुपारपर्यंत ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं. चहाच्या वेळी विषयच तसा निघाला.

घरीही सांगितलं. हिने पहिला प्रश्न काय विचारावा? म्हणाली, पाल दिसली की तुम्ही स्टुलावर चढता, कासवाला हात कसा लावणार? मी म्हटलं, पाल भिंतीवर असते, कासव जमिनीवर. ही म्हणाली, मग तर स्टुलावरून उतरताच येणार नाही. कन्या मोबाइलमधून डोकं न काढता हसली. घरातूनच असा पाठिंबा असेल तर जगाचं भलं कोण करणार?

११ मार्च

पोहण्याचा पहिला दिवस. शिक्षकाने मला पहिलीतल्या मुलांच्या रांगेत उभं केलं. त्यातल्या एकीने मला पाण्याखाली डोळे कसे उघडायचे ते समजावून सांगितलं. नाकात पाणी, कानात पाणी, वर शिक्षक शिट्टी वाजवतोय.

१२ मार्च

विचारांती पोहणं बंद. कासवांना पोहता येतं. माझं काम किनाऱ्यावरचं.

२० मार्च

अर्ज केला होता त्या कासवांच्या संस्थेतल्या बाईंशी व्हिडिओवर मुलाखत झाली. इंग्रजी फाडफाड. तिने विचारलं, प्राण्यांबरोबर काम केलंय का. मी सांगितलं, अठरा वर्षं पब्लिकबरोबर केलंय. ती बराच वेळ हसली. म्हणजे जमलं. तिथे रात्रीची गस्त असते म्हणाली, घरट्यांची राखण, वाळूत खोदकाम, सामानाची ने-आण. मी म्हटलं, माझा कल देखरेखीकडे आहे. तिने काहीतरी लिहून घेतलं.

२६ मार्च

निवड झाली!! मेल आलं. आठवड्याभरात होकार कळवा आणि सहभागाचे पैसे भरा, जागा मोजक्याच आहेत. एका खोलीत बाराजण, दुमजली पलंग.

मेल वाचलं, बंद केलं. लगेच उत्तर द्यायला मी काही चटपट नाही.

इथे माझी पद्धत लिहून ठेवायला हरकत नाही, कारण तिचं श्रेय मला कधी मिळालं नाही. तक्रार आली की नोंदवायची आणि मुरू द्यायची. लगेच मेकॅनिक धाडायचा नाही. दोन दिवसांत अर्ध्या लिफ्ट आपोआप सुरू होतात. उरलेल्या ठिकाणी लोकांना जिन्याची सवय लागते. जी तक्रार तिसऱ्यांदा येते तीच खरी. पहिल्या हाकेला ओ दिली की माणसाची किंमत संपली. तेच इथे. सेवा आपण करायची, पैसेही आपणच भरायचे, आणि झोपायचं माळ्यावर? मुरू दे. येतील खाली. स्वतंत्र खोली देतील. विमानतळावर गाडी पाठवतील.

हिला सांगितलं. म्हणाली, अहो, ते लोक लिफ्टमध्ये अडकलेले नाहीत. तिला या कामातलं कळत नाही.

३ एप्रिल

संस्थेचं दुसरं मेल. तुमच्या उत्तराची वाट बघतोय. बघा! आले की नाही ताळ्यावर? अजून थोडं.

६ एप्रिल

रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. पूर्ण तयारीनिशी. ते म्हणणार, तुमच्याशिवाय कसं होणार. मी म्हणणार, साहेब, आतल्या आवाजापुढे इलाज नाही. ते म्हणणार, निदान चार आठवडे करा. मी खिडकीबाहेर बघणार.

मी खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी सही केली. वर विचारलं, सहा आठवडे पुरतील ना?

खिडकीबाहेर बघायचं राहूनच गेलं. दिवसभर डोकं दुखतंय.

१४ एप्रिल

तिसरं मेल. त्यात शेवटची आठवण असं काहीतरी होतं. तिसऱ्यांदा आली म्हणजे तक्रार खरी. आता उत्तर द्यायला हरकत नाही. निरोप समारंभ झाला की निवांतपणे देतो. घाईत लिहिलं की अटी नीट मांडता येत नाहीत.

२१ एप्रिल

चटपट काम समजून घ्यायला आली. तिला तक्रार मुरवण्याची पद्धत पहिल्यांदाच उलगडून सांगितली. मन मोठं केलं. तिने विचारलं, सर, पण त्या वेळात आत कुणी अडकलेलं असलं तर? मी म्हटलं, अडकलेला माणूस कधी ना कधी बाहेर येतोच. आत राहिलेला आजवर मी तरी पाहिलेला नाही. तिने वही मिटली. मग थँक्यू सर म्हणाली. आणखी एकही प्रश्न नाही. अठरा वर्षांचा अनुभव आणि तिला एवढाच पुरला!

मी सांगितलं, अडचण आली तर फोन कर, बेटावर असलो तरी उचलेन. पुन्हा सांगितलं. जाताना दारातून पुन्हा सांगितलं.

३० एप्रिल

निरोप समारंभ. केक, उन्हाळी टोपी, भला मोठा टॉर्च. माझं भाषण तयार होतं, त्यात एके ठिकाणी आवाज दाटून येणार होता. पण मी उभा राहिलो तोच खाली लंबूची गाडी आली (लंबू म्हणजे आमचा मेकॅनिक) आणि निम्मी माणसं सुटे भाग उतरवायला गेली. उरलेल्यांत कॅशियर. तो आमच्या समोरच्याच इमारतीत राहतो. म्हणाला, फोटो पाठवा हं, रोजच्या रोज. माझा आवाज दाटून आला, पण तो ठसक्याने.

१ मे, सकाळ

होकार पाठवला. अटींसह. स्वतंत्र खोली, गाडी, देखरेखीचं काम.

१ मे, दुपार

संस्थेचं उत्तर आलं. बघता बघता. किती ही घाई! तीन मेलना उत्तर न आल्याने आपली जागा दुसऱ्याला दिली आहे. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा. खाली कासवाचं चित्र. कासव हसतंय.

१ मे, संध्याकाळ

संताप संताप. ही कसली सेवाभावी संस्था? माणसाला मुरायला वेळ देत नाहीत आणि कासवं वाचवायला निघालेत!

ही म्हणाली, उद्या ऑफिसात जाऊन सरळ सांगा, बेत फिसकटला, रजा रद्द करा. काय बिघडलं? बिघडलं काय म्हणजे? केक खाल्लाय त्यांनी! टॉर्च दिलाय! चटपटसमोर तोंडघशी पडू? कन्या म्हणाली, बाबा, तू सहा आठवडे कपाटात बसणार का?

कपाटात नाही. घरात. संकल्प: बाहेर पडायचं नाही. गॅलरीत जायचं नाही. रस्त्याकडच्या खोलीचे पडदे बंद. व्यायाम, वाचन, चिंतन. ब्रेक म्हणजे शेवटी मनाची अवस्था.

५ मे

घरात सरपटत हिंडतोय. समोर कॅशियरची खिडकी. तो माणूस घरी असला की खिडकीतच असतो, त्याला कामधंदा नाही का?

९ मे

ग्रुपवर कॅशियर रोज विचारतो, फोटो कुठे? शेवटी खालच्या बांधकामावरून हिच्याकरवी पिशवीभर वाळू मागवली (कुरकुर केली, पण आणली). बाथरूममध्ये पसरली. टोपी घातली, हातात बादली, चेहऱ्यावर शांतता. कन्येने फोटो काढला. पाठवला. खाली लिहिलं, नवी पिल्लं, नवी सकाळ.

९ मे, थोड्या वेळाने

कन्या म्हणते, बाबा, मागे आरशात वॉशिंग मशीन दिसतंय. आधी सांगायला काय झालं होतं? म्हणे, तूच म्हणालास माझ्या चेहऱ्यावर फोकस कर.

तसं कोण एवढं बारकाईने बघतंय. सगळ्यांनी अंगठे दिले. चटपटने हात जोडलेले दिले. त्यानंतर फोटोबद्दल कुणी काही विचारलं नाही. विश्वास बसला.

१८ मे

ऑफिसातून फोन नाही. संकोच वाटत असेल.

२३ मे

फोन बंद तर पडला नाही ना, म्हणून हिच्या फोनवरून लावून बघितला. वाजतो.

२९ मे

वाळू बाथरूमच्या नळीत अडकून पाणी तुंबलंय. ही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण फक्त प्लंबरशी. त्याला सांगत होती, साहेब परदेशी असतात. साहेब पलंगाखाली होते.

फोन नाही. एकही नाही. अठरा वर्षांत अशी एकही गोष्ट नसावी जी फक्त मला माहीत आहे? वाईट वाटतं. लिहून टाकतो. कोण वाचणार आहे?

४ जून, दुपार

कोंडून घेतल्याने जीव गुदमरला. ही कामावर, कन्या परीक्षेला. हिचा गॉगल लावला, टोपी घातली, म्हटलं कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. सातव्या मजल्यावरून लिफ्ट घेतली. पाचव्याच्या जरा खाली आली, हिसका बसला, थांबली.

घाबरलो नाही. पद्धत ठाऊक आहे. मुरू दिलं. आपोआप सुरू होईल. पंखा बंद पडला. मुरू दिलं. दार बडवलं, कुणी ऐकलं नाही. हिचा फोन बंद, कन्येचा बंद. घाम. टोपीने वारा घेतला. समोरच्या पाटीवर तक्रारीचा नंबर, तो मला झोपेतही पाठ. माझ्याच टेबलावर वाजणारा. पुढच्या दोन दिवसांचा विचार मनात आला आणि मी लावला.

पहिल्या रिंगला उचलला. चटपट. मी आवाज जाड केला. कुठली इमारत, कितवा मजला, आत किती माणसं, दिवा आहे का, भराभरा विचारलं. मी जाड आवाजात सांगितलं. मग ती म्हणाली, सर, आधी खाली बसा, तुम्हाला बीपी आहे. गॉगल काढा, अंधारात आणखी घाबरायला होतं. लंबू निघालाय, फोन ठेवू नका, मी आहे.

गॉगल तिला कसा कळला? कॅशियर आज रजेवर होता म्हणे. मला लिफ्टपाशी उभं असताना त्याने खिडकीतून पाहिलं आणि लगेच ऑफिसात कळवलं.

मग ती बोलत राहिली. काहीही. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ऑफिसातला नवा पंखा. कासवांचं नाव नाही काढलं. मी विचारलं, टेबलावर बरंच साठलं असेल ना? ती म्हणाली, नाही सर, काहीच नाही.

तेवढ्यात वर खडखडलं. लंबूने दार सरकवलं आणि हात दिला. मी आजवर शेकडो वेळा लिहिलं असेल, इसम सुखरूप बाहेर काढला. इसम कसा असतो ते आज कळलं. लंबूला धरूनच सातव्या मजल्यापर्यंत चढलो.

वर आल्यावर लंबूने पाणी दिलं. म्हणाला, साहेब, वॉशिंग मशीनच्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं. मॅडमनी ताकीद दिली, कुणी चेष्टा करायची नाही, फोनही करायचा नाही, त्यांना सुट्टी भोगू द्या.

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे फोन करायचा होता तर! तिने अडवला म्हणून राहिला! मी विचारलं, म्हणजे बऱ्याच अडचणी आल्या असतील ना रे, मला विचारण्यासारख्या? लंबू भला माणूस आहे. त्याने खरोखर आठवून पाहिलं. डोकं खाजवलं, छताकडे बघितलं. मग म्हणाला, नाही हो साहेब, तसं काही आठवत नाही.

४ जून, संध्याकाळ

फोन वाजला. ऑफिसचा नंबर! धावत गेलो. पाय पलंगाला आपटला तरी थांबलो नाही.

चटपट होती. म्हणाली, सर, रागावू नका, आता प्रत्येक तक्रारीनंतर हा फोन करावा लागतो, नियमच केलाय. आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?

दोन म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं.

पाच म्हटलं.

तिने विचारलं, आणखी काही तक्रार? मी म्हटलं, नाही.