अकरा ओळींची दुरुस्ती

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो खुर्चीतूनच). तुझी मान कशी आहे? दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून बघायचं म्हणजे मानेचं मातेरं व्हायचंच. भाऊजींचं पथ्य चालू असेल, म्हणजे घरात शांतता नसेल. मी ठीक आहे. खोटं कशाला बोलू, ठीक नाही.

आई म्हणाली, दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी गेल्या, एक्स-रे गेले, आणि नको ती फाइल उघडली म्हणून तू रिसेप्शनच्या काकूंना घरी बसवलंस. चौदा वर्षं तुझा दवाखाना सांभाळणाऱ्या काकूंना! ताई, चूक त्यांची नाही. कुणाची, ते सांगायलाच हे पत्र. मध्येच फाडू नकोस.

एकत्र बांधून आलेल्या फाइली सोडवणारा माझा एक प्रोग्राम आहे, तुला माहीत आहे. फुकट. कोणीही घ्या, आतलं वाचा, सुधारा. (तू म्हणायचीस, लष्कराच्या भाकऱ्या. बरोबर म्हणायचीस.) तो कुठे कुठे बसवलाय याचा मलाच पत्ता नसतो, तुझ्या एक्स-रेच्या सॉफ्टवेअरच्या पोटातही तोच आहे. तर गेल्या महिन्यात एका अनोळखी बाईंनी मला गुपचूप मेल केला: तुमच्या प्रोग्रामला भगदाड आहे, मुद्दाम बिघडवलेला गठ्ठा सोडला तर त्यातल्या फाइली ठरलेल्या फोल्डरबाहेर पडून वाटेल ते पुसून टाकतात. सोबत तसा एक गठ्ठा नमुन्याला, आणि अकरा ओळींची दुरुस्तीही. आमच्यात रीत अशी की असलं काही चारचौघांत बोलायचं नाही; आधी भगदाड बुजवायचं, मग दवंडी. पण मी पडलो तत्त्वाचा माणूस! आमच्याकडे लपवाछपवी चालत नाही, असं ठणकावून मी तो मेल नमुन्यासकट जाहीर चर्चेत चिकटवला. चोराच्या हाती किल्ली दिली, वर घराचा पत्ताही लिहून दिला.

पुढे काय विचारतेस! त्रेचाळीस जण धावून आले. एकाचं म्हणणं, हे भगदाड नाहीच, सोय आहे. दोघांनी त्याला नाव काय द्यावं यावरून एकमेकांची अक्कल काढली. एकानं त्याचं बोधचिन्ह काढून आणलं (चिन्ह छान होतं). एकानं निषेध म्हणून राजीनामा दिला. त्यानं आजवर काय काम केलं होतं, ते कुणाला आठवेना. आणि मी? मी त्या बाईंच्या अकरा ओळी परत पाठवल्या, कारण ओळीच्या सुरुवातीला त्यांनी चारऐवजी दोनच रिकाम्या जागा सोडल्या होत्या. एकदा नाही, दोनदा पाठवल्या. दुरुस्ती बाहेर पडली की तुझं सॉफ्टवेअर ती आपणहून घेतं. पण पडायला तर हवी! ती पडली दहाव्या दिवशी. तोवर कुणीतरी तो नमुना उचलून तसलेच गठ्ठे गावभर धाडले, आणि तुझा दवाखाना बसला आठव्या. दोन रिकाम्या जागांपायी, ताई. मला माझीच लाज वाटते.

त्या बाईंची मी माफी मागितली. उत्तर आलं, ठीक आहे, आता जागा बरोबर आहेत ना? हसावं की रडावं कळेना. रविवारी येतो. जुन्या प्रतींतून मिळेल तेवढं शोधून देतो. उरलेल्या पेशंटांना पुन्हा आ करायला लावावं लागेल. रागावायचं तर हक्कानं रागाव.

तुझा,
धाकटा

ता. क. – काकूंना परत बोलाव. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. फोन तूच कर. मी केला होता. त्यांनी उचलला आणि आधी विचारलं, जेवलास का रे? जेवलो म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

आणखी एक ता. क. – हे वरच लिहायचं होतं, चार वेळा खोडलं. ती फाइल उघडण्याआधी काकूंनी मला फोन केला होता. जरा विचित्र दिसतेय, उघडू का, म्हणून. मी तेव्हा त्या दोन जागांवरून भांडत बसलो होतो. म्हटलं, काकू, बिनधास्त उघडा, ती उघडणारा प्रोग्राम माझाच आहे. हे त्यांनी तुला अजून सांगितलेलं नाही.