तिसऱ्या ओळीतली पाचवी मात्रा

४ मार्च, मंगळवार

माझी चूक! माझी!! तळपायाची आग मस्तकात गेली आहे. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी फोन आला. जुन्या फिल्मा साफसूफ करून नव्यासारख्या करतात, तिथली एक मुलगी. आवाज अगदी लाडिक. "आजी, त्या सिनेमातला हात तुमचाच ना?"

होय बाई, माझाच. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एका थोर संगीतकाराच्या आयुष्यावर सिनेमा काढला होता. मरणाच्या पलंगावर पडून तो शेवटची रचना लिहितो. नटाला स्वरलिपीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग जवळून दिसणारा हात माझा — लेसच्या बाहीत कोंबलेला! वाद्यवृंदातल्या वादकांसाठी स्वरलिपीच्या नकला उतरवायच्या खोलीत मी दिवसभर हेच काम करायचे, म्हणून बोलावलं. दिग्दर्शक म्हणाला, काहीही खरडा हो, वाचतंय कोण! मी खरडत नाही. विद्यार्थ्यांचा साधा धडा लिहिला, दर घरात चार मात्रा, शुद्ध.

आणि ही कार्टी म्हणते, "चित्र आता इतकं स्वच्छ झालंय की कागद वाचता येतो. तिसऱ्या ओळीत, दोन उभ्या रेघांमधल्या शेवटच्या घरात पाच मात्रा आहेत." सिनेमाबरोबर पुस्तिका निघणार आहे म्हणे. त्यात सिनेमातल्या चुकांची यादी. कुणाची चूक, तेही छापणार.

फोन आपटला.

५ मार्च

झोप नाही. पाच मात्रा! मी!

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवली. आमच्या खोलीचा नियम होता — लाल खूण पटली नाही तर तिच्याखाली तीन टिंबं द्यायची. म्हणजे, हात लावू नका, मुद्दाम लिहिलंय. माझ्या खुणेखाली टिंबं द्यायची हिंमत इतक्या वर्षांत तिघांनी केली. तिघंही तोंडघशी पडले.

७ मार्च

लेक म्हणते, "आई, एकदा सिनेमा बघून तरी घे."

मी तो सिनेमा बघितलेला नाही. बघणारही नाही. असले सगळे सिनेमे एका माळेचे मणी. थोर माणूस खिडकीशी उभा. वीज कडाडते. सुचलं! पुढच्या क्षणाला ऐंशी माणसं वाजवतायत. अरे, त्या ऐंशी जणांपुढचे कागद कुणी लिहिले? भुतांनी? मधल्या पंधरा दिवसांत मान मोडून, बोटं काळी करून बसलेली माणसं कुठायत? एका सिनेमात दाखवा, मी कान पकडीन!

आणि बायका! एक तर थाळ्या फोडणारी कजाग, नाही तर उशाशी मुसमुसणारी. तिसरी जातच नाही. त्याने खोकून रुमाल लाल केला की हिने रडायचं.

नवरा असताना त्याचीही हीच भुणभुण. आमची स्वारी त्याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची, मागच्या रांगेत. सिनेमा कुठे लागला की हातात दोन तिकिटं. "अगं, शेवट तरी बघ. शेवटची पाचच मिनिटं." मी म्हणायचे, माझाच हात मी काय बघू? रोज भांडी घासताना दिसतो! मग तिकिटं खिशात ठेवायचा. त्याला जाऊन आठ वर्षं झाली. आता लेकीने तीच टकळी लावली आहे.

११ मार्च

ती मुलगी घरीच आली. पाठीला पिशवी, हातात फॉर्म. दोन पर्याय. एक, यादीत छापायचं, "लिहिणाऱ्या हाताची चूक". दोन, कॉम्प्युटरवर ती जास्तीची मात्रा पुसून घर नीट करायचं. त्यासाठी माझी परवानगी.

"पुसा!" म्हटलं. "सगळं घर नीट करा. आजूबाजूला कचरा असेल तोही पुसा."

"आधी चित्र बघता का? सोबत आणलंय."

"माझा पाणउतारा मीच बघत बसू?"

सही ठोकली. ती गेल्यावर ध्यानात आलं, आयुष्यात पहिल्यांदा न बघता कागद सोडला.

१२ मार्च

चीड चीड चीड. लेकीशी बोलत नाही.

१९ मार्च, बुधवार

गेले. लेकीने रिक्षाच दारात आणून उभी केली. पुसायचं काम उद्यापासून सुरू होणार होतं, म्हणजे आज जुनंच दिसणार होतं.

त्या मुलीच्या ऑफिसातली लहानशी खोली, सहा खुर्च्या. दीड तास दातओठ खात बसले. वीज कडाडली. थाळी फुटली. रुमाल लाल झाला. बघ, म्हटलं लेकीला, सांगितलं नव्हतं?

मग पलंग आला. लेसची बाही. हात.

माझा नाही.

पहिलं बोट जरासं बाहेर वळलेलं. बाही मनगटाच्या वर चढलेली, कारण हात लांब. शूटिंगच्या चौथ्या दिवशी मला ताप होता, नवरा तसा निरोप द्यायला गेला होता. आल्यावर विचारलं, काही अडलं का? "छे! तुझं आधीचंच घेतलं." खोटारडा! चव्वेचाळीस वर्षं खोटारडा!

आणि कागदावर माझा धडा नव्हता. त्याची धून होती.

त्याच वर्षी त्याने ती लिहिली होती. एकच लिहिली. चांगल्या अक्षरात उतरवून दे म्हणाला. मी लाल पेन्सिल घेतली. इथे पाच मात्रा झाल्यात. तो म्हणाला, "मला तिथे एक श्वास हवाय." मी म्हटलं, श्वास घरी घे, कागदावर चार. खोलीतले सगळे हसले. मीही हसले. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली. नंतर एक ओळ लिहिली नाही. तो कागद मला घरात कुठे मिळाला नाही, तो गेल्यावरही नाही. मी शोधला होता.

मुलीने चित्र थांबवलं. तिसरी ओळ, शेवटचं घर. पाच मात्रा. "आणि आजी, हा कचरा बघा, हाही जाईल उद्या."

कचरा नव्हता. तीन टिंबं होती. घराच्या बरोबर खाली, नीट, मी शिकवली तशी.

सबंध जगात माझ्याशिवाय ती कुणाला वाचता आली असती? आणि मी पाच मिनिटं दिली नाहीत. मेले मी! राग आता कुणावर काढू?

लेक विचारत होती, काय झालं. तिला सगळं सांगितलं. 

२० मार्च

ऑफिस उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. फॉर्म परत मागितला, माझ्या हाताने फाडला. एक टिंबसुद्धा पुसायचं नाही.

मुलगी म्हणाली, "मग यादीत छापावं लागेल, आजी. चूक कुणाची लिहू?"

"माझी लिही."