माशांच्या पाण्यावरचा दंटु

चामराजपेट, बेंगळूर
रविवार, ता. ६ आगस्ट १९६१

चिरंजीव हयवदनास,

पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल. तुळस खुशाल, माझा गुडघा खुशाल, आणि मासे तर काय विचारतोस, राजेच आहेत ते. तुझ्या घराची पायरी चढणार नाही अशी शपथ तुझ्या अण्णांनी माझ्याकडून घेतली, पण पत्र लिहिणार नाही असं काही मी म्हटलेलं नव्हतं. अक्षर लागेल तसं वाच. तिसरीतनं काढून लग्न लावलं, निम्मी जोडाक्षरं शाळेतच राहिली.

मी आज फार आनंदात आहे. का ते सावकाश सांगते. आधी तुझ्या अण्णांची अक्कल ऐक.

जानेवारीत ते लालबागेत फुलांचं प्रदर्शन बघायला गेले. तिथं कुणीतरी मातीशिवाय नुसत्या खडीत रोपं लावली होती, पाण्यात कसलीशी औषधं घालून. झालं! सरकारी नोकरीत जन्मभर दुसऱ्यांचे नळ तपासले, आता घरात स्वतःचे नळ घालायचे. वरच्या खोलीतला भाडेकरू चंद्रकांत, तो पुण्याचा, विमानांच्या कारखान्यातला, तोही तसलाच. म्हणाला, "जयतीर्थराव, औषधं कशाला? मासे पाळा. माशांचं घाण पाणी खडीतून जाऊ द्या. झाडं घाण खातील, पाणी साफ होऊन परत माशांकडे जाईल." दोघं कागदावर रेघोट्या मारत बसले. मी तीनदा कॉफी दिली, एकानंही मान वर केली नाही.

परसात हौद बांधला. त्याच्यावर लाकडी खोकी, आत डांबर, त्यात खडी. ती खडी तुझ्या अण्णांनी स्वतः धुतली. जन्मात ताट उचलून मोरीत ठेवलं नाही ह्या माणसानं, आणि दगड धूत बसला! हेब्बाळहून कटला माशांची पिल्लं घड्यातून आणली. बसमध्ये घडा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "स्वामी, तीर्थ का?" हे म्हणाले, "हूं."

मग सोवळं आडवं आलं. ह्या पाण्यावरची भाजी देवाला कशी चालणार? विचार करून करून तुझ्या अण्णांनी आपलं दिवाळीचं घंगाळ उचललं. खडीतून आलेलं पाणी आधी तांब्याच्या घंगाळात पडायचं, मग हौदात. तांब्यातून गेलं की शुद्ध! दोन दिवसांत मासे पोट वर करून तरंगले.

चंद्रकांत म्हणाला, "तांबं माशांना विष आहे हो."

"गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत ठेवतात, त्याला विष म्हणतोस?"

"गंगेतले मासे गडूत राहत नाहीत ना, जयतीर्थराव."

मला हसू आवरेना, मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाले. पण ऐकतील तर तुझे अण्णा कसले! दुसरी पिल्लं आणली, तीही मेली. तेव्हा घंगाळ गुपचूप न्हाणीघरात परत आलं. मला म्हणाले, "अंघोळीची अडचण होते म्हणून काढलं." मी म्हटलं, "सरी, बरं झालं."

पुढची कुरकूर सांगत नाही. मासे जास्त झाले तर वास मारायचा, कमी केले तर पानं पिवळी पडायची. रोज सकाळी दोघं वाकून पाणी हुंगायचे आणि तोंडं वाकडी करून एकमेकांकडे बघायचे. शेवटी कधीतरी जमलं. पाणी स्वच्छ झालं, आणि खडीत पेरलेला दंटु, चंद्रकांत त्याला माठ म्हणतो, असा माजला की काय सांगू! लालभडक देठ, पानं तळहाताएवढी.

आणि तो तयार कधी झाला? शाकव्रतात! आषाढी एकादशीपासून महिनाभर ह्या घरात भाजी शिजत नाही, ना देवाला ना माणसाला. सहा पिढ्या चातुर्मास पाळणारं घराणं, त्यातल्या शहाण्यानं पेरणीआधी पंचांग उघडलं नाही. आम्ही मूगडाळ आणि मिरी खातो आणि समोर दंटु डोलतो. मी म्हटलं, चंद्रकांतला द्या. तर म्हणे, "पहिली तोड घरच्या माणसाची." आता घरचं माणूस कोण राहिलं? मी खात नाही, ते खात नाहीत, देवाला चालत नाही. शाकव्रत न पाळणारं ह्या घरचं जे माणूस होतं, ते दोन वर्षांपूर्वी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

तू सूनबाईला घेऊन दारात आलास त्या दिवशी हे देवघरातूनच ओरडले होते, आठवतं ना? "मासे खाणाऱ्या हाताचं पाणी ह्या घरात चालायचं नाही!" बाहेर येऊन त्या पोरीला तोंडसुद्धा दाखवलं नाही. आणि आता? मासे ज्यात हगतात ते पाणी चालतं! त्याच्यावरची भाजी देवाला चालावी म्हणून घंगाळ बिघडवलं! मी हे तोंडावर म्हटलं. तर म्हणाले, "त्याचा ह्याच्याशी काय संबंध?" आणि चष्मा पुसत बसले.

आता ऐक, खरं पुढंच आहे.

माशांना शेंगदाण्याची पेंड लागते. दर गुरुवारी पिशवी घेऊन यशवंतपूरला जातात. आपलं मार्केट घराशेजारी, पेंडीची दुकानं सतरा, पण नाही, यशवंतपूरचीच पेंड माशांना मानवते म्हणे. दोनदा तर पेंड आणायचीच विसरले. मला वाटलं, वय झालं.

काल संध्याकाळी मासे पेंड खात होते, हे हौदाच्या काठावर बसलेले. मधेच आपलेआपणच म्हणाले, "हसली की उजव्या गालाला खळी पडते. अगदी तुझ्यासारखी."

मी म्हटलं, "कुणाला? कटल्याला?"

मग सगळं बाहेर आलं. तुमच्या घरासमोरच्या पिठाच्या गिरणीच्या फळीवर जाऊन बसतात म्हणे. सूनबाई मुलीला घेऊन कोवळ्या उन्हात येते, ती दिसते. मागच्या आठवड्यात बसल्या जागी ठसका लागला. सूनबाईनं विचारलं, "आजोबा, पाणी देऊ?" तांब्याभर पाणी आणून दिलं.

"मग?"

"प्यालो."

"कुणाच्या हातचं?"

पेंडीचा खडा उगीच कुस्करत राहिले.

हयवदना, मला दया नाही रे आली. संताप आला. तुला मूल झालं एवढं कानावर आलं होतं. मुलगा की मुलगी हे विचारायचीसुद्धा मला ह्या घरात चोरी. रात्री अंदाजानंच टोपरं विणायचं आणि धान्याच्या डब्यामागं ठेवायचं. आणि हा माणूस मला शपथ घालून स्वतः चोरासारखा जाऊन माझी नात बघून येतो! वर घरी येऊन मला पेंडीचा भाव सांगतो! असला भित्रा मनुष्य मी पाहिला नाही. दारावर थाप मारायची छाती नाही, म्हणून गिरणीच्या फळीवर बसतो.

आज सकाळी हे परसात गेले, दंटु कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला. चंद्रकांतला सुट्टी आहे, त्याच्या सायकलला पिशवी अडकवून म्हणाले, "यशवंतपूरला देऊन ये. घरच्या माणसांना आहे म्हणावं." आणि लगेच देवघरात शिरले. त्यांच्या तोंडून ह्याहून जास्त बोलावणं निघणार नाही, तू वाट बघू नकोस. मी हे पत्र त्याच पिशवीत तळाशी घालते आहे, टोपऱ्याच्या घडीत.

येत्या रविवारी तिघं या. शपथ तुझ्या पायरीची होती. माझ्या पायरीवर कुणी चढायचं ह्याची शपथ मी कुणाला दिलेली नाही. ते देवघरातून ओरडलेच तर ओरडू देत. मुलगी त्यांच्याकडे बघून हसेल, कारण ती त्यांना ओळखते. मग बघू किती ओरडतात ते.

सौ. प्रमोदिनीस माझे आशीर्वाद. हे आधीच लिहायला हवं होतं. तिला सांग, तो गिरणीवरचा म्हातारा तिचा सासरा आहे, पुढच्या खेपेला त्याला फळीवर बसू देऊ नये. दंटु कोवळा आहे, स्वल्प मीठ, खोबरं, बाकी काही नको. आणि आमचे मासे बघायचे, खायचे नाहीत. वेड्यानं एकेकाला नाव ठेवलं आहे.

मुलीचं नाव तुम्ही काय ठेवलं ते मला अजून माहीत नाही. चंद्रकांतजवळ सांगू नकोस. रविवारी तिच्या कानाशी वाकून मीच विचारीन.

तिची आजी,
पद्मावती