नकलांची गड्डी

रवि. २ नोव्हें.
पत्त्यांच्या खेळात नकलेचं तिसरं पानही त्याच्या मगरीवर टाकलं. टेबलावर चार मगरी. एक इरफानची, तीन माझ्या. त्याने चारही पाहिल्या, आपली हातात परत घेतली आणि पुराचं पान टाकलं. पुरात माझ्या तिन्ही गेल्या. पुढच्या डावाला त्याची मगर पुन्हा आली, एकटी. मी हरलो.
"मास्तर, तुन्हाजवळ तुन्हं सोतानं काय शे? गड्डीमा एक बी जनावर नही. मी काही टाकंच नही तं?"
मी पानं गोळा केली.
गड्डी अशी : साठ पानं. चोवीस जमिनी, ज्यांच्या जोरावर बाकीची पानं टाकता येतात. चौदा नकला, समोरच्याचं जनावर बघून तेच होणाऱ्या. बाकीची वेळ काढायला. वीस वर्षांत त्याला फार थोड्या वेळा हरवलं. त्याची जनावरं चांगली आहेत आणि त्याला ती चालवता येतात. मग त्याचीच घ्यायची, असं ठरवून ही बांधली.
इरफानचा घसा अजून बसलेला. मार्चमध्ये मीच म्हणालो होतो, हंगाम संपला की सुटेल. सगळेच म्हणाले. मिरचीच्या बाजारात कुणाचा घसा धड असतो? हंगाम संपला, पावसाळा गेला, मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर पुन्हा लाल दिसायला लागलं. घसा तसाच.

बुध. ५
नियम परत वाचला. नक्कल पानावर छापलेलं तेवढंच घेते. नंतर चढलेली ताकद, नंतर झालेली जखम, काही घेत नाही. आम्ही हे चिंचोक्यांनी दाखवतो. ताकद वाढली की अख्खा चिंचोका, जखम झाली की फोडलेला. म्हणजे मरायला टेकलेल्या बैलाची नक्कल केली तर बैल धडधाकट येतो.
हे माझ्या बाजूचं.
बी.ए.चे पेपर. अठ्ठावीस तपासले. एकाच गाइडमधली एकच उत्तरं.

रवि. ९
खेळ नाही. इरफान काल सुरतेला, बहिणीकडे. तिनेच दवाखान्यात नेलं. घशातला तुकडा काढून तपासायला दिला आहे.
एकट्याने दोन्ही गड्ड्या मांडून खेळलो. त्याच्याकडून खेळताना मी त्याच्यासारखा खेळत नाही. त्याची गड्डीही हरली.

गुरु. १३
रिपोर्ट आला. स्वरयंत्र काढावं लागेल, सगळं. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. बोलणं नाही. काढलं तर पुढे बरीच वर्षं मिळू शकतात. महिनाभरात काढलं पाहिजे. नंतर काढून किती उपयोग, डॉक्टर सांगत नाहीत.
इरफानच्या बायकोने, शबानाभाभींनी, हे ओट्यावर उभ्या उभ्या सांगितलं. आत सासूबाई अंथरुणावर, त्यांना कळू द्यायचं नाही. "सर, मेरी तो सुनते नहीं. तुम्हीच सांगा."
इ. पायरीवर बसून बूट घालत होता. "चौदा गाड्या उभ्या शेतस. मी नही पुकारं तं कोन पुकारी?"
सव्वीस वर्षं तो हर्रास, मिरचीचा लिलाव, पुकारतो आहे. त्याआधी त्याचे वडील. त्याने बूट घातले आणि गेला.

रवि. १६
बोलायचं ठरवून गेलो होतो. तासभर बोललो. तो पानं पिसत होता.
मग म्हणाला, "जासू. तू जिकना तं."
"कशात?"
"हाई गड्डीवर. नकलासनी. दुसरी आनी तं चालाव नही."
"हा खेळ नाही, इरफान."
"मंग ऱ्हाऊ दे."
मी म्हणालो, किती खेळ? त्याने तीन बोटं दाखवली. तीन ऐतवार, दर ऐतवारी एक खेळ, त्यातला एक मी जिंकला तरी पुरे. तिसरा सात डिसेंबरला येतो. डॉक्टरांचा महिना तेराला संपतो. हिशेब त्याने आधीच केला होता.
निघताना हसून : "वर्गमा बी असंच का मास्तर? पोऱ्यासना पेपर देखीसन शिकाडस?"
भाभींना सांगितलं नाही. काय सांगणार.

मंगळ. १८
तास बुडवून बाजारात गेलो. इ. पुढे, मागे दहाबारा व्यापारी, एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर. त्याचा मदतनीस भटू चिठ्ठ्या लिहीत बाजूने. पस्तिशीचा आहे, आठ वर्षं त्याच्यासोबत. सगळा बाजार खोकत होता, मीही.
शर्टाच्या खिशात फोन ठेवला होता. रेकॉर्डिंग चालू. इ.ला सांगितलं नाही. भोक पडल्यावर आवाज कुठे सापडणार, एवढंच डोक्यात होतं. एकवीस मिनिटं.

गुरु. २०
एकवीस मिनिटं तीनदा ऐकली. एक वार, दोन वार, मग थांबतो, खाकरतो, मग तीन वार. प्रत्येक ढिगाला. नवे व्यापारी ही त्याची ढब समजतात. बोली चढवायची युक्ती. गेल्या वर्षी हे नव्हतं.
खरखर पूर्ण आली आहे. मला ती नको होती. आधीचा आवाज कुणाकडे आहे का, विचारलं. लग्नाची कॅसेट होती, पुरात भिजली. बाजारात रोज शेकडो फोन असतात. पुकारणाऱ्याला कोण रेकॉर्ड करतं?

शनि. २२
गड्डीतून सहा पानं काढली, सहा घातली. नवी पानं समोरचं जनावर त्याच्या हातात परत पाठवतात. आधी नक्कल करायची, मग मूळ परत पाठवायचं. एका डावाची सवड मिळते. एक पान मिळालं नाही. कोऱ्या कागदावर त्याचं नाव लिहून प्लॅस्टिकमध्ये सरकवलं. इ. अशी पानं मान्य करतो, अक्षर चांगलं पाहिजे म्हणतो.

रवि. २३
हरलो. पहिला तोच खेळला. नेहमी तोच खेळतो. बोली मीच सुरू करणार, हे त्याचं पहिल्यापासूनचं. पान टाकताना ढिगासारखं पुकारतो : दगडी बैल, कोन बोली? आजही पुकारत होता. शेवटची अक्षरं उमटत नव्हती.
मी कायम एक डाव मागे. त्याने टाकल्यावर मी. तो दुसऱ्यांदा मारतो तेव्हा माझं पहिल्यांदा. नकलेचा हा दोष कुठल्याच सहा पानांनी जात नाही.

बुध. २६
इ. कॉलेजवर आला. कधी येत नाही. शिपायाने स्टाफरूममध्ये आणून बसवलं. भटूने त्याला फोनचं सांगितलं होतं. त्याने खिशातला दिवा पाहिला होता.
"काय करी ऱ्हायना तू?"
मी ऐकवलं. ऐकायला नको होतं त्याने, पण मागितलं. टेबलाकडे बघत अर्धा मिनिट ऐकलं. पलीकडे इतिहासवाले चहा पीत होते.
"हाऊ मन्हा आवाज नही. तुले उशीर व्हयना. पुसी टाक."
त्याच्यासमोर पुसलं. तो गेल्यावर पाहिलं. फोन पुसलेलं तीस दिवस ठेवतो, मग आपोआप जातं. तिथून काढलं नाही. परत घेतलंही नाही.

रवि. ३०
जिंकत होतो.
त्याचा बैल जखमी, त्यावर तीन फोडलेले चिंचोके. मी नक्कल केली, माझा बैल अख्खा. त्याचा परत पाठवला. त्याच्यासमोर काही नाही. पुढच्या डावाला फक्त मारायचं होतं.
तेव्हाच त्याला उबळ आली. उठून मोरीपाशी गेला. बराच वेळ तिथेच. भाभी पाणी घेऊन उभ्या. परत आला तेव्हा रुमाल मुठीत. त्याची बाहीही लाल होती. मिरचीची असेल म्हणून पाहत राहिलो. ती मिरची नव्हती.
मी पान उचललं, जमीन ठेवली, "तुझा" म्हणालो. बैल तसाच उभा. मारायचं विसरलो.
त्यालाही ते दिसलं. त्याने मागे घेऊ दिलं नसतं, मी मागितलंही नाही. तीन डावांनंतर हरलो.
पायऱ्या उतरताना भाभींनी विचारलं, "कुछ बोले क्या?" आता सांगितलं. सगळं, पैज, तीन ऐतवार. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "और आप हार रहे हो?"

मंगळ. २ डिसें.
आवाज गेला. कुजबुज उरली. बाजारातून येताना पाहिलं. इ. बोटांनी भाव दाखवतो, भटू पुकारतो. व्यापारी दोघांकडे आळीपाळीने बघतात. इ. मधेच भटूचा खांदा दाबतो, म्हणजे थांब, अजून चढेल.

शुक्र. ५
गड्डीला हात लावला नाही. सुचत नाही काही. त्याच्या जनावरांशिवाय माझ्याकडे काही नाही आणि त्याला ते माहीत आहे. परवा तो काय करेल, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं : काही टाकायचंच नाही.
सुरतेच्या आपाचा, इ.च्या बहिणीचा, फोन. बुधवारचं ऑपरेशन तिने धरून ठेवलं आहे. सोमवारी दाखल व्हायचं. भरवशाचं सांगा म्हणाली. उद्याचं उद्या, म्हणालो. परवाचं म्हणायला हवं होतं.

रवि. ७
दुपारी दोनला बसलो. खिडकीत, उजेडाला. त्याने पानं पिसली, माझ्यासमोर ठेवली आणि बोटाने मला खूण केली. तू सुरू कर.
"मी?"
मान हलवली.
मी जमीन ठेवली. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या डावाला पान उचलता येत नाही. त्याने उचललं, जमीन ठेवली. असं चालू राहिलं. जमीन, जमीन. पाचव्या डावाला त्याच्याकडे बैल टाकण्याइतक्या जमिनी झाल्या. टाकला नाही. सहाव्याला नाही. हातात सातच पानं ठेवता येतात, आठवं झालं की एक फेकायचं. त्याने बैल फेकला. माझ्या नकलेला टेबलावर जिवंत जनावर लागतं, फेकलेलं चालत नाही. पुढच्या डावाला मगर फेकली. मग ससाणा. एकेक, तोंड वर करून, सरळ रेषेत. काही पुकारलं नाही.
मी नकला फेकत गेलो. कशाची नक्कल करणार?
भाभी चहा घेऊन आल्या. टेबलावर नुसत्या जमिनी आणि फेकलेली पानं. "शुरू नहीं किया?" कप ठेवून दारातच थांबल्या.
साडेतीनच्या सुमारास, दोन्ही गड्ड्या निम्म्याच्या खाली आल्यावर लक्षात आलं. ज्याला उचलायला पान उरत नाही तो हरतो. मी पहिला खेळलो, माझं एक पान कमी उचललं गेलं. त्याची गड्डी माझ्यापेक्षा एक पान आधी संपणार. त्याने एक जनावर टाकलं असतं तरी हे बदललं असतं. हातात सात होती, दोन तरी जनावरं असणार.
लांबून ढीग बघून पोती सांगणारा माणूस आहे. त्याला कळलं नसेल असं होणार नाही.
मी जमीन ठेवली. तुझा.
दहा. सात. चार. तो जास्तच सावकाश उचलायला लागला. एकदा पान हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, वाटलं टाकतो. फेकलं. असरची अजान झाली तेव्हा त्याच्याकडे एक पान होतं, माझ्याकडेही एक. त्याने ते उचललं. मी माझं. मग त्याने हात नेला, रिकाम्या जागेवर ठेवला, तसाच ठेवला.
"संपनी." ओठांवरून कळलं.
मी काही केलं नव्हतं. जिंकलो असं लिहवत नाही.
हातातली सात पानं त्याने उलटी करून दाखवली. सातही जनावरं. मग सगळी गोळा केली, रबर लावलं. भाभी दारातून पुढे आल्या. त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "सकायन्या गाडीवर जासू. एकलाच."
भाभींनी विचारलं, सर सोबत येतील ना? त्याने माझ्याकडे बोट केलं आणि हवेत पेपर तपासल्याची खूण केली. हसला. मला हसता आलं नाही.

सोम. ८
सकाळी स्टेशनवर गेलो. इ. बाकावर, गळ्याला मफलर, एक पिशवी. आपा सुरत स्टेशनला घ्यायला येणार. भाभी उद्या, सासूबाईंची सोय लावून. गाडी वेळेवर आली. तो चढला, खिडकीशी बसला. मी काच वाजवली, त्याने हात वर केला. पुढे नवापूर. तिथे उतरून परत यायला दुसरी गाडी मिळते. हे मला आधी सुचायला हवं होतं.
आता रात्रीचे साडेआठ. त्याचा फोन लागत नाही. आपाचा अजून आलेला नाही.
सकाळी स्टेशनवरून येताना बाजारातून आलो. हर्रास सुरू होता. पहिल्या ढिगाशी भटू. एक वार. दोन वार. मग थांबला, खाकरला, आणि तीन वार पुकारलं.