मूठभर कोंडा

५ नोव्हेंबर १९८६, बुधवार
मुलुंड पूर्व. तिसरा मजला आणि खिडकीतून थेट मिठागरं! घाटकोपरच्या आमच्या खोलीतून समोरच्यांची दोरीवरची धुणी दिसतात, इथे आभाळ दिसतं. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून घरात आलेली ही पहिली चांगली बातमी. धाकटी प्रेमा म्हणाली, वनमाला, तुझी मज्जा आहे ना, एकच पोर सांभाळायची आणि वर पगार! मला ताई म्हणायला ती काही शिकणार नाही.

घर दामल्यांचं. श्यामकांतराव बँकेत, नलिनीताई घरी. त्यांची माणिक चार वर्षांची. सातव्या महिन्यात जन्मली आणि दहाव्या दिवशी तिचं आतडं सडलं. डॉक्टरांनी त्यातलं बरंचसं कापून टाकलं. अशी मुलं सहसा राहत नाहीत. ही राहिली, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन साडेआठ किलो, वर्षाच्या मुलाएवढं. डोळे मात्र तरतरीत. मला पाहताच विचारलं, तुला गाणी येतात की नुसती इंजेक्शनं?

७ नोव्हेंबर
काम बसलं. दर दोन तासांनी मऊ भात, मुगाचं पाणी, केळं. तुपाऐवजी चमचाभर खोबरेल, कारण उरलेल्या आतड्याला तेवढंच पेलतं. महिन्याला जीवनसत्त्वाचं एक लाल इंजेक्शन. वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे पोटात काय गेलं, उजवीकडे बाहेर काय आलं. उजवीकडे रोज तेच: पातळ, फिकट, तेलकट, सात वेळा. डॉक्टरांनी मला सांगितलं, ऑपरेशन दोन तासांचं होतं, पोट जन्मभर सांभाळायचं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
आज गंमत झाली. माणिक हॉस्पिटलात असताना, वाचावी म्हणून नलिनीताईंनी तिला तिथल्या आयाला, सुंदराबाईंना, विकलं होतं. ही रीत आमच्या गावीही आहे. मूल टिकत नसेल तर परक्या बाईने मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं, म्हणजे सटवीला वाटतं हे यांचं नव्हेच. माझ्या मामाला म्हणूनच सगळे कोंडू म्हणतात. सुंदराबाई पुढे इथेच राहायला आल्या आणि यंदा श्रावणात वारल्या. तेव्हापासून माणिकचं वजन उतरतंय. नलिनीताईंनी विचारलं, तू घेशील का गं?

मी नर्सिंग शिकलेली. हसूच आलं. पण आईच्या मनाला बरं वाटणार असेल तर मुठीने काय बिघडतं? कोंडा त्यांनी पिठाच्या चक्कीवरून आणूनच ठेवला होता. मी तो त्यांच्या पदरात घातला. त्यांनी माणिकला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, ही आता तुझी. श्यामकांतराव उठून आत गेले. माणिकने मला विचारलं, मी महाग पडले की स्वस्त?

१५ नोव्हेंबर
नऊ किलो! उजव्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं: घट्ट, दोन वेळा. नलिनीताईंनी शिरा केला आणि मला तीनदा वाढला. मलाही इथे भूक फार लागते. पोट तेवढं बिघडलंय. पाणी बदललं असेल.

१९ नोव्हेंबर
संकष्टी. मी उपास धरला. माणिक नेहमीसारखी चार वेळा जेवली, तरी दुपारी हातपाय गार, मान टाकलेली. ग्लुकोज पाजलं, उपयोग नाही. नलिनीताई मला विनवू लागल्या, तू जेव, आधी तू जेव. मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतायत. चंद्रोदय झाल्यावर मी वरणभात खाल्ला. पंधरा मिनिटांत माणिक उठून बसली आणि म्हणाली, वरणात मीठ कमी होतं.

तिने ते वरण खाल्लंच नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज मुद्दाम करून पाहिलं. दामल्यांकडे मासळी शिजत नाही. स्टेशनजवळच्या खानावळीत तळलेले बोंबील खाल्ले आणि घरी आले. माणिक झोपली होती. तिच्या तोंडाला बोंबलाचा वास येत होता.

येताना नाणं टाकून काट्यावर उभी राहिले. तिकीट आलं: शेहेचाळीस किलो. दिवाळीआधी एक्कावन्न होते.

२६ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरच्या सुहासिनीकाकू जिन्यात भेटल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, अगं बाई, तू पण? सुंदराबाई आली तेव्हा दार अडेल एवढी होती म्हणे, आणि नेली तेव्हा दोघांनीच सहज उचलली. चार वर्षं टिकली, हाडाची मजबूत. तू बारीक चणीची आहेस, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

वहीत आज मी उजव्या रकान्यात माझं लिहिलं. पातळ, फिकट, तेलकट, सात वेळा.

१ डिसेंबर
बाजारात जाते असं सांगून निघाले. आता घाटकोपरला, आमच्या खोलीत. प्रेमाने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, काय गं, मुलुंडला उपाशी मारतात का? चार भाकऱ्या खाल्ल्या. सुटले.

४ डिसेंबर
सुटले नाही. तीन दिवस बकाबका खातेय, बाबांच्या वाटणीचंही. आणि आज चव्वेचाळीस.

संध्याकाळी श्यामकांतराव पेढे घेऊन आले. माणिक साडेदहा किलो झाली. डॉक्टर तिला परिषदेत दाखवणार आहेत. जाताना दारात थांबले आणि खालमानेने म्हणाले, परवा तुम्ही सुकट खाल्ली होती ना? आमच्या घरभर वास होता.

५ डिसेंबर
जेवण सोडून बघू? मी जेवले नाही तर ती मरेल. जेवले तर मी. तिचा काय दोष? तिने तर कोणाला मागितलंही नाही.

परत जाते. सोडवायचं कसं ते नलिनीताईंनाच माहीत.

६ डिसेंबर
विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. परत करता येत नाही. जिने जन्म दिला तिला स्वतःचं मूल विकत घेता येत नाही. त्यांनी स्वतः सगळ्यात आधी तेच करून पाहिलं होतं. दुसऱ्या बाईने माझ्याकडून घेतली तरच मी मोकळी. माझा हात हातात घेऊन रडल्या. म्हणाल्या, चार वर्षं तिचे लंगोट उकळले गं, आत्ता कुठे ती जिना चढायला लागलीय.

मी म्हटलं, दुसऱ्या कोणावर हे घालणार नाही. त्या म्हणाल्या, सुंदराबाईपण असंच म्हणायची.

११ डिसेंबर
जिना उतरवत नाही. दाराला कुलूप नाही, कडीसुद्धा नाही. तरी—

माणिक अंगणात लंगडी खेळते. वरपर्यंत हसू ऐकू येतं. मग वर येते आणि मला शिरा भरवते. म्हणते, खा ना, मला भूक लागलीय.

१५ डिसेंबर
हिरड्यांतून रक्त. केस उशीवर. प्रेमाचं पत्र आलं, नाताळात भेटायला येते म्हणून. लगेच उत्तर लिहिलं: येऊ नकोस, काही झालं तरी येऊ नकोस. श्यामकांतरावांकडे दिलं, पेटीत टाका म्हणून.

१८ डिसेंबर
टाकलं का विचारलं. श्यामकांतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, नाही.

नलिनीताईंनी प्रेमाला वेगळं पत्र घातलंय. बहीण आजारी आहे, चार दिवस सोबतीला ये.

२० डिसेंबर
अडतीस. उठून बसवत नाही. पेन धरवतं.

मनात एक विचार येतो. तो लिहिणार नाही.

२१ डिसेंबर
प्रेमा आली. बाहेरच्या खोलीत आहे. नलिनीताई तिला म्हणाल्या, वनमाला आत्ताच झोपलीय, चहा घे आधी. मी जागी आहे.

माणिक तिला गाणं म्हणून दाखवतेय. प्रेमा म्हणते, अय्या, काय गोड पोरगी आहे—

नलिनीताई सांगतायत. जुनी रीत. नुसती मूठभर, बहिणीच्या नावाने—

मधे फक्त पडदा आहे. हाक मारली की ऐकू जाईल. आवाज आहे मला, आत्ताच खोकले.

प्रेमा धडधाकट आहे. एकोणीस वर्षांची. तिला सोसेल, निदान काही वर्षं— नाही. नाही.

सूप सरकवल्याचा आवाज. प्रेमा हसतेय. म्हणते, एवढंच ना, आणा.

मी हाक मारते. मारणार आहे. एवढं वाक्य लिहून झालं की लगेच