न वाकणाऱ्यांचा वर्ग

हिंगणघाट,
८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप रत्नदीपदादास,
मेघाचा सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पत्र दिवाळीच्या गर्दीत फिरत फिरत काल हाती आलं. मी पत्र लिहीत नाही ही तुझी जुनीच तक्रार. अरे, फोन करावा तर मी इकडून ओरडते, तुझं कानातलं यंत्र तिकडे शिट्ट्या मारतं, आणि आपल्या घरातलं सगळं माझ्या शेजाऱ्यांना कळतं, तुला सोडून. त्यापेक्षा कागद बरा. फक्त हल्ली वर्ग संपवून घरी आले की पेन उचलायचीही इच्छा राहत नाही.

गुडघ्यांचं विचारलंस. उजवा रागावलेला आहे आणि डावा रुसलेला. डॉक्टर म्हणाले की बाई, लाथा मारायचं वय गेलं तुमचं. मी म्हटलं की मी मारत नाही, मारायला शिकवते. तर म्हणाले, गुडघ्याला त्यातला फरक कळत नाही.

वर्ग अजून मोहल्ल्याच्या शादीखान्यातच भरतो. लग्नसराई लागली की आमचे हाल. परवा मुली फरशीवर सांडलेला भात झाडून मगच रांगेत उभ्या राहिल्या. वहीदुद्दीन नाना, तेच रे, गाद्या-रजया भरणारे पिंजारी, शादीखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष, ते माझ्या दारात आले होते ते दिवस आठवतात. शाळेच्या वाटेवर मवाली पोरं पोरींना त्रास देतात, कराटे शिकवणारी बाईच असेल तर आया पोरींना पाठवतील, असं म्हणाले होते. मी वर्षभरापुरतं हो म्हटलं, आणि त्या वर्षाची वीस झाली. पोरी येतात, हातपाय चालायला लागतात, आणि नेमकं जमू लागलं की कोणाची तरी आई येऊन सांगते की आता मोठी झाली, बस झालं. मी पुन्हा पहिल्या धड्यावर. थकले, दादा. खरंच थकले.

म्हणून उन्हाळ्याच्या आत वर्ग तहसीनच्या हाती द्यायचा आणि आष्टीला तुमच्याकडे राहायला यायचं, असं ठरवलं आहे. तहसीन म्हणजे नानांची नात. एवढ्या पोरींत टिकून राहिली ती हीच. पण वर्ग चालवणाऱ्याकडे काळा पट्टा नसेल तर कराटे संघटना त्या वर्गाचे पट्टे मानत नाही. तिची परीक्षा जानेवारीत नागपूरला आहे. मला परीक्षेची धास्ती नाही, तिच्या काताला, म्हणजे त्या ठरलेल्या डाव-पवित्र्यांच्या क्रमाला, तोड नाही. अडचण वेगळीच आहे. परीक्षकांपुढे कमरेतून वाकून नमस्कार करावा लागतो, आणि आमच्या वर्गात तो नमस्कार कधी शिकवलेलाच नाही.

पहिल्याच आठवड्यात आया म्हणाल्या होत्या की आम्ही अल्लाशिवाय कोणापुढे वाकत नाही. मी म्हटलं, मग नकाच वाकू. मला तरी कुठे हौस होती! नत्थू आजोबांची अर्धी हयात पाटलाच्या अंगणाबाहेर कमरेत वाकून जोहार करण्यात गेली. दीक्षा घेऊन नागपूरहून परतले ते खाली पडलेली वस्तूही मांडी घालून उचलायचे, वाकायचे नाहीत. त्यामुळे माझ्या मुली ताठ उभ्या राहतात आणि छातीवर हात ठेवतात. खालचे पट्टे मीच देत आले, म्हणून आजवर कोणी विचारलं नाही. आता विचारतील.

वहिनीला जय भीम. लोभ कमी झालेला नाही हे कळायला तरी लवकर उत्तर दे.

तुझी,
मेघा


आष्टी,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू येणार हे वाचून दीपमालेला पत्र दाखवलं. ती लगेच म्हणाली की नणदबाई येऊन राह्यल्या, त मले आतापासूनच डोक्यावर पदर घेऊन फिरा लागते का. मनातून खूश आहे. मागच्या खोलीला चुना मारून घेतला. खिडकीतून संत्र्याची बाग दिसते, म्हणजे दुसऱ्याची संत्री मोजत बसता येईल.

खरं सांगू का? तू येण्याची मी फार वाट पाहतो आहे. घरात आवाज असतील, मला येत नाहीत. दीपमालेला लिहून बोलायचा कंटाळा, ती हातवारे करते, आणि त्यातून मला चहा आणि मूर्ख एवढेच दोन शब्द कळतात. तू आलीस की पाटी घेऊन समोर बसशील आणि मनसोक्त भांडशील. चौकात लोक मला पाहून हसतात आणि मी काही न ऐकता मान हलवतो. नोकरीत दिवसभर लोकांशी हुज्जत घालणाऱ्या कंडक्टरला हे फार जड जातं ग.

त्या पोरीच्या नमस्काराचा एवढा बाऊ कशाला? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे तर नुसतं वाकायचं आहे. परीक्षक गाढव आहेत असं मी म्हणत नाही, नाहीतर तू तेच धरून बसशील. विहारात आपण डोकं टेकवतोच की. आणि तू स्वतः परीक्षेत वाकलीच होतीस. तुझी कंबर शाबूत आहे, गेले ते गुडघे. तिला सांग की एकदा वाक, पट्टा घे आणि मग जन्मभर ताठ राहा.

तब्येत सांभाळ. आमचा जीव तुझ्यात आहे, तुझाही इकडे थोडा असू दे.

तुझा,
रत्नदीपदादा


हिंगणघाट,
१२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
सप्रेम जय भीम वि. वि.

विहारात आपण आपल्या मनाने टेकतो. परीक्षेतल्या नमस्काराला मन कोणी विचारत नाही. मी वाकले होते हे खरं, आणि त्या दिवशी बाबांनी माझा पेढा हातात घेऊन तसाच ठेवून दिला होता, हेही तुला आठवत असेल. पण वाद घालायलाही आता अंगात जोर नाही, म्हणून तुझा सल्ला मुकाट्याने ऐकला आणि नानांकडे गेले.

नाना दुकानात कापसात बुडालेले होते. भुवयांवरसुद्धा कापूस. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चिडतील. तर त्यांनी दोन दिवस मागितले, मौलानांना विचारून आले आणि स्वतः शादीखान्यात येऊन उभे राहिले. मौलाना म्हणाले होते की न वाकलेलं बरं, पण निव्वळ अभिवादन म्हणून थोडी मान लववली तर त्याला सजदा कोणी म्हणणार नाही. नानांनी त्यावर आपलं जोडलं की ऊपरवाला नियत पाहतो, कंबर मोजत बसत नाही. तहसीनला म्हणाले, जा बेटा, पट्टा घेऊन ये, मोहल्ल्यात कोणी काही बोललं तर मी पाहून घेईन. पंच्याहत्तरीच्या माणसाने नातीसाठी एवढं केलं.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसले आणि मग उठायला दोघी मुली लागल्या. तहसीन मात्र हो की नाही ते न सांगता कोपऱ्यातल्या खुर्च्या आवरत राहिली. मोठ्यांपुढे लाजते, दुसरं काय.

तर मार्चमध्ये मी येते. पाटी मोठी आण, माझं अक्षर ऐसपैस आहे. वहिनीला सांग, पदर नको, पण भाजीत तिखट कमी कर. माया आहे तशी ठेव.

तुझी,
मेघा


हिंगणघाट,
२१ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
जय भीम वि. वि.

हे पत्र लिहायला दोन दिवस टाळाटाळ केली. तहसीनला पट्टा मिळाला नाही.

रविवारी नागपूरला गेलो. तिचा क्रम आला. सुरुवातीला तिने ताठ उभं राहून छातीवर हात ठेवला. मला वाटलं, गडबडली. परीक्षकांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी पुढे चालू द्यायला सांगितलं. मग तिने असा काता केला, दादा, की शेजारच्या रांगेतली मुलं आपलं सोडून पाहायला लागली. मी वीस वर्षांत जे शिकवू पाहत होते ते सगळं तिच्या अंगात होतं. संपलं. नमस्काराची वेळ आली आणि ती पुन्हा ताठच.

परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी तिला जवळ बोलावून समजावलं की मुली, हा नियम आहे, मी तुझ्यासाठी वेगळा करू शकत नाही, थोडी मान लवव, मी तेवढंही धरतो. तिने अदबीने सांगितलं की सर, मला जमणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीसुद्धा हात जोडून तिला खूण केली की वाक बाई, वाक. नाही वाकली. निकाल राखून ठेवला, म्हणजे नापासच.

परतीच्या बसमध्ये मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, नानांनी मौलानांपर्यंत जाऊन तुझा रस्ता मोकळा केला, माझे गुडघे गेले, माझा भाऊ तिकडे चुना मारून बसला आहे, आणि तुला अकड सुचते? जाम गावाच्या फाट्यापर्यंत तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली की मॅडम, नानांनी सूट दिली ती नानांच्या कारणापुरती, त्यांना तेवढाच हक्क आहे. पण आपल्या वर्गात न वाकण्याची कारणं दोन होती, तुम्हीच सांगितलेली. तुमच्या आजोबांच्या कारणाला सूट कोण देणार, ते तर आता नाहीत. मी तुमच्या हातची शिकलेली आहे, मी दोन्ही कारणांची आहे.

दादा, हिंगणघाटपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत आले. आपल्या घरात आजोबांचं ते कारण तू विसरलास, मी विसरायला तयार झाले होते, आणि पिंजाऱ्याच्या नातीने ते जपलं.

पण रडून काय होतं? वर्ग माझ्या नावावरच चालवावा लागेल. पुढच्या वर्षी परीक्षा दिली तरी ती वाकणार नाही आणि आता मी तिला सांगणारही नाही. मार्चमध्ये येणं होत नाही. पुढच्या मार्चमध्ये होईल असंही नाही. राग आला तर राग लिही, पण लिही.

तुझी,
मेघा


हिंगणघाट,
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप रत्नदीपकाका यांस,
तहसीनचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मॅडम दररोज पोस्टमनची वाट पाहतात आणि आपले पत्र आले नाही. म्हणून मी मॅडमला न सांगता हे लिहीत आहे. आमच्या उर्दू शाळेत मराठी विषयात पत्रलेखन होते, तेवढेच मला येते. चूक झाल्यास माफ करावे.

माझ्यामुळे मॅडम आपल्याकडे येऊ शकत नाहीत. त्यांचा काही दोष नाही. आपण रागवायचे असेल तर माझ्यावर रागवावे. इथेही सगळे माझ्यावरच रागावले आहेत. मोहल्ल्यातल्या बायका म्हणतात की नानांनी इजाजत दिली होती तरी इतनी भी क्या अकड. मी त्यांना खरे कारण सांगत नाही, कारण ती मॅडमच्या घरातली गोष्ट आहे, माझ्या तोंडून बाहेर जाणे बरोबर नाही. नानांना मात्र सांगितले. ते बराच वेळ कापूस पिंजत राहिले आणि मग म्हणाले की ठीक है.

मॅडमना आता उभे राहवत नाही. शादीखान्यातल्या सगळ्या खुर्च्या मोडक्या आहेत, म्हणून नानांनी त्यांना नवरदेवाची लाल मखमलीची खुर्ची काढून दिली. मॅडम त्यावर बसून आकडे मोजतात आणि मी मुलींना शिकवते. लहान मुली त्यांना दुल्हन मॅडम म्हणतात. मॅडम ओरडतात, पण हसू येतेच.

संध्याकाळी मी त्यांचे गुडघे शेकते. त्या आपल्याविषयी खूप बोलतात. मला ठाऊक आहे की त्यांना तिथे यायचे आहे. मी पट्टा घेतला असता तर त्या आल्या असत्या. हे मला रोज आठवते आणि तरी पुन्हा तसेच करीन असेही वाटते. हे चूक आहे का, ते आपण मोठे आहात, लिहावे.

काकूंना सलाम. आपली ओळख नसताना लोभाची मागणी कशी करावी ते पुस्तकात नव्हते, तरी करते.

आपली नम्र,
तहसीन


आष्टी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. तहसीन हिस,
आशीर्वाद, सलाम आणि जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आधी एक गंमत सांगतो. वर तू सा. न. लिहिलंस, त्याचा अर्थ साष्टांग नमस्कार. म्हणजे छाती, कपाळ, हात, पाय, गुडघे, सगळं जमिनीला टेकवून पालथं पडायचं. काळ्या पट्ट्यासाठी मान न लववणारी पोरगी एका बहिऱ्या कंडक्टरपुढे सपशेल आडवी झाली! मी इतका हसलो की यंत्राने शिट्टी मारली आणि दीपमाला धावत आली, का यायले झालं तरी काय म्हणून. तुझा दोष नाही. पुस्तकात असतं म्हणून सगळेच लिहितात, अक्षरांच्या आत कोणी पाहत नाही. मी रजेच्या अर्जांवर किती वर्षं लिहिलं ते विचारू नकोस. यापुढे सलाम लिहीत जा, पोचतो.

हसून झाल्यावर मात्र मी बाहेर जाऊन बसलो. मेघाला मीच लिहिलं होतं की त्या पोरीला वाकायला सांग. तेव्हा मला आजोबा आठवले नव्हते, बहीण घरी येईल एवढंच दिसत होतं. राग तुझा नव्हता आणि तिचाही नव्हता. तिचं पत्र वाचून मला काय लिहावं तेच सुचेना, म्हणून उत्तर राहिलं. उद्या तिलाही लिहितो.

चूक का, असं विचारलंस. नाही, बेटा. आजोबा गेले तेव्हा आमच्या घरात त्यांची काठी राहिली, धोतर राहिलं, आणि दोन्ही पुढे कुठे गेली ते आम्हाला सांगता येत नाही. त्यांचं जे खरं होतं ते तुझ्याकडे निघालं. त्यांच्या नातवाच्या नात्याने मी तुला सांगतो की त्या कारणाला सूट नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मुलींना शिकव. मेघाला त्या मखमलीच्या खुर्चीवरून उठू देऊ नकोस, शेक चालू ठेव. लोभ मागून घेतलास, तो दिला. पत्रागणिक वाढू दे.

आणि एक काम कर. मेघाला सांग की दादाने कळवलं आहे, इकडे त्याचं तुमच्यावाचून काही अडत नाही. हे खरं नाही. पण तू ताठ उभं राहून सांगितलंस तर तिला खरं वाटेल.

तुझा,
रत्नदीपकाका